हिच्या खुर्चीवरची गोधडी

३ मार्च, सकाळ

कपाट आवरायला घेतलं. आवरलं नाही. पण वरच्या कप्प्यात उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली बाळाची गोधडी सापडली. हिने लेकीच्या वेळी शिवायला घेतली होती. लेक आता एकोणतीस वर्षांची आहे आणि पुढच्या महिन्यात तिलाच बाळ होणार आहे. गोधडी अजून निम्मीच. शेवटच्या ओळीत हिची सुई तशीच टोचलेली, दोऱ्यासकट.

ही जाऊन दीड वर्ष झालं. म्हणजे आता हे काम माझ्याकडे आलं. निर्णय घेतला: बाळ यायच्या आत गोधडी पूर्ण. डेडलाइन ३१ मार्च. मी जन्मभर ड्रॉइंग ऑफिसात रेषा काढल्या. धावदोरा म्हणजे शेवटी तुटक रेषाच, आणि तुटक रेषा हा माझ्या हातचा मळ आहे.

ही म्हणायची की काठाच्या रेघा मी आखून दिल्या नाहीत म्हणून गोधडी अडली. हे खरं नाही. मी 'रविवारी देतो' म्हणालो होतो. कुठल्या रविवारी, हे ठरलं नव्हतं.

४ मार्च

दोरा ओवण्यात सकाळ गेली. सुईचं भोक सदोष आहे.

गोधडीचे चौकोन माझ्या जुन्या शर्टांचे आहेत. त्यात निळ्या पट्ट्यांचा शर्ट सापडला. हा शर्ट हरवला म्हणून मी इस्त्रीवाल्याशी कडाक्याचं भांडलो होतो आणि त्याच्याकडे कपडे देणं बंद केलं होतं. ही तेव्हा शेजारी उभी राहून मान हलवत होती. इस्त्रीवाल्याची माफी मागायला हवी. पण तो वारल्याचं ऐकतो, त्यामुळे विषय संपला.

५ मार्च, संध्याकाळ

पहिली ओळ पूर्ण. उत्कृष्ट. उठायला गेलो तर गोधडीही माझ्याबरोबर उठली. पायजम्यासकट शिवली गेली होती. टाक्यांच्या मजबुतीबद्दल यापुढे कोणी शंका घेऊ नये. पायजमा कापावा लागला.

ओळ पुन्हा घातली. गोधडी खिडकीजवळ हिच्या खुर्चीवर ठेवली. त्या खुर्चीवर मी बसत नाही. खास कारण नाही. तिथे ऊन येतं.

६ मार्च

सकाळी आणखी एक ओळ. दुपारी जेवून पलंगावर डोळे मिटून विचार केला (लेक याला झोप म्हणते). ती मधल्या वेळात येऊन संध्याकाळचा डबा ठेवून गेली होती. दोन गल्ल्या सोडून राहते, किल्ली तिच्याकडे असते. या दिवसांत एवढं चालू नकोस असं जावई सांगतो, मीही सांगतो. ऐकेल तर शपथ.

पाच वाजता खुर्चीकडे गेलो. दोन्ही ओळी नाहीत.

म्हणजे कापड होतं, चौकोन होते, माझे टाके तेवढे नव्हते. शेजारी पुठ्ठ्याचा एक तुकडा, त्याला उसवलेला दोरा गुंडाळलेला. इंग्रजी आठच्या आकड्यासारखा. दोरा असा एकच माणूस गुंडाळायचा. उसवलेला दोरा ही कधी फेकायची नाही, पुठ्ठ्याला आठ घालून डब्यात ठेवायची.

हिची सुई मात्र होती तिथेच, जशीच्या तशी.

मी अशा गोष्टींवर विश्वास ठेवत नाही. पंखा बंद केला. मग लावला. जेवण गेलं नाही.

९ मार्च

पुन्हा तेच. तीन ओळी घातल्या, तिन्ही गेल्या, पुठ्ठ्यावर आठ.

माझा मित्र घड्याळजी आला होता. त्याला नाव न घेता, एका ओळखीच्या माणसाची हकिगत म्हणून सांगितलं. तो म्हणाला, तुझ्याकडे उंदीर झालेत. मी म्हटलं, उंदीर दोरा गुंडाळून ठेवत नाहीत. तो म्हणाला, मग त्या ओळखीच्या माणसाने गोधडीवर एक केस आडवा ठेवून बघावा, कोणी हात लावला तर केस हलेल. उपाय शास्त्रीय आहे. पण माझ्याकडे त्यासाठी खर्च करण्याइतके केस नाहीत. तरी एक ठेवला.

१० मार्च

केस नाही. टाकेही नाहीत. पंखा चालू राहिला होता, त्यामुळे निष्कर्ष काढता येत नाही. केस वाया गेला.

लेकीला यातलं काही सांगायचं नाही. तिच्या या अवस्थेत घाबरून जाईल.

१३ मार्च

आज शांतपणे विचार केला. समजा, केवळ समजा, ही येत असेल, तर काय करायला येईल? हेच. मी घातलेली चादरीची घडी मोडून पुन्हा घालायची. मी विसळलेले कप पुन्हा विसळायची. मी बांधलेली गाठ सोडून बांधायची, तीही मी समोर उभा असताना. तेव्हा माझा संताप व्हायचा. दीड वर्ष झालं, घरात मी काहीही कसंही करतो आणि ते तसंच राहतं. घडी वाकडी घातली की आठवडाभर वाकडीच. त्याचा मला किती कंटाळा आला होता ते आज कळलं.

भीती गेली. संध्याकाळी दोन वेळा जेवलो.

१७ मार्च

प्रोग्रेस उत्तम. म्हणजे ओळी शून्य, पण नियमितपणा आला आहे. सकाळी शिवतो, दुपारी विचार करतो, पाचला उसवलेलं बघतो. आज ओळ थोडी तिरपी गेली. मुद्दाम नाही. दुसरी जास्त तिरपी गेली. तिसरी मुद्दाम.

खुर्चीजवळ कपभर चहा ठेवून बघितला. प्यायला गेला नाही. गार झाला होता, आणि ही गार चहा कधीच प्यायची नाही, त्यामुळे त्यातून काही सिद्ध होत नाही.

२१ मार्च

लेक आज लवकर आली, मी जागा होतो. गोधडी कुठवर आली, असं तिने विचारलं. मी म्हटलं, फिनिशिंग बाकी आहे. ती म्हणाली, बाबा, टाके बारीक घाला आणि गाठ आतल्या थरात लपवा, वर आली की बाळाला टोचते. थेट आईसारखं बोलते. ऐकून ऐकून पाठ झालं असेल. पूर्ण नाही झाली तरी चालेल असंही म्हणाली. मी म्हटलं, डेडलाइन म्हणजे डेडलाइन.

जाताना ती खुर्चीकडे बघत दारात बराच वेळ उभी होती. डोळे लाल होते. या दिवसांत झोप लागत नाही म्हणतात.

आज टाके उसवले गेले नाहीत. मी दिवसभर जागा होतो म्हणून असेल. हिला माझ्यासमोर यायचं नसेल. उद्यापासून दुपारी न चुकता विचार करायचा.

२५ मार्च

जावयाचा सकाळी फोन. लेकीला हॉस्पिटलमध्ये नेलं. दुपारी मुलगी झाली. दोघी सुखरूप.

तारखेच्या आधीच आली. लेकही अशीच आधी आली होती, तेव्हाही गोधडी निम्मीच होती. आमच्या घरातल्या मुली डेडलाइन मानत नाहीत. नातीला हॉस्पिटलच्या टॉवेलात गुंडाळलं होतं. टॉवेल खरखरीत. गोधडीचा विषय कोणी काढला नाही.

२७ मार्च

काल चार ओळी घातल्या. चारही आहेत.

३० मार्च

सगळ्या ओळी आहेत. एकही गेली नाही. दुपारी दोन तास विचार केला, तरी आहेत. पुठ्ठा रिकामा.

कारण उघड आहे. ही तिकडे नातीजवळ असणार. इथे माझे टाके उसवत कशाला बसेल. स्वाभाविक आहे.

३१ मार्च

डेडलाइन. गोधडीवर आता माझे वाकडे टाके भरपूर झालेत. इतकी वाईट गोधडी मी आजवर पाहिली नाही. तीन वेळा खुर्चीजवळ जाऊन आलो. हिला म्हटलं, बघ तरी.

२ एप्रिल, संध्याकाळ

लेक बाळाला घेऊन आली. जावई खाली औषधं आणायला गेला होता. बाळ माझ्याकडे दिलं आणि ती सरळ जाऊन हिच्या खुर्चीवर बसली. दीड वर्षात कोणी तिथे बसलं नव्हतं. मी ऊन लागेल म्हणालो. तिने ऐकलं नाही.

गोधडी मांडीवर घेतली. पर्समधून छोटी कात्री काढली. माझी पहिली ओळ उसवली, मग दुसरी. दोरा पुठ्ठ्याला गुंडाळला. आठ.

मी विचारलं, कधीपासून. ती म्हणाली, पहिल्या दिवसापासून. गाठी सगळ्या वर होत्या बाबा. सांगितलं असतं तर तुम्ही शिवणं सोडून दिलं असतंत, आणि शिवायला लागल्यापासून तुम्ही डबा संपवायला लागला होतात.

मी म्हटलं, मला माहीतच होतं.

ती उसवत राहिली. हिच्या सुईपाशी आली तेव्हा थांबली, तिथून पुढे कात्री नेली नाही. मग म्हणाली, तुम्ही काठाच्या रेघा आखून द्या, मी शिवते. मी म्हटलं, रविवारी देतो. ती हसली आणि मग रडली. बाळ माझ्या हातात होतं म्हणून मला काही करता आलं नाही. बाळ होतं म्हणून बरं झालं.

जाताना गोधडी न्यायला विसरली. का मुद्दाम ठेवली, माहीत नाही.

३ एप्रिल, सकाळ

पट्टी काढली, पेन्सिलला टोक केलं. काठाच्या चारही रेघा आखल्या. केसभरही फरक नाही. अर्ध्या तासाचं काम होतं.

मग मधल्या चौकोनात, निळ्या पट्ट्यांवर, एक ओळ घातली. वाकडी. गाठ वर ठेवली. गोधडी खुर्चीवर ठेवली.

लेक आता बाळामुळे महिनाभर इकडे येणार नाही. तिची किल्ली ती काल इथेच टेबलावर ठेवून गेली.

दुपारी दोनला पडतो. आज खरंच झोपायचं.

३ एप्रिल, संध्याकाळी पाच

ओळ आहे.