पाहुण्याच्या जागी

मंगळवार, ११ मार्च

प्रिय छोट्या,

तुम्ही सगळे मजेत असाल. मुलांच्या परीक्षा जवळ आल्या असतील. इकडे उन्हाचा ताप सुरू झाला आहे, आणि वरच्या मजल्यावरच्यांनी पुन्हा भिंती फोडायला काढल्या आहेत. आई बरी आहे. मीही बरी आहे.

शाळेत आमच्या सिस्टर सांगायच्या, रागात लिहिलेलं पत्र एक रात्र उशाखाली ठेवावं, सकाळी वाचावं आणि मगच पाकिटात घालावं. तसं केलं. सकाळी वाचलं तर फारच गुळमुळीत वाटलं, म्हणून फाडलं. हे दुसरं. कालच्या बोलण्यानंतर तू माझा फोन उचलत नाहीस, तेव्हा कुरियरने पाठवते आहे. सही तरी करावी लागेल तुला.

काल फोनवर मी तुला एकच विचारलं, “आपला टीपॉय कुठे आहे?” तू आधी हसलास. मग म्हणालास, “ताई, तुला माहीत तरी आहे का ते काय आहे? इटलीत त्या काळात असे मोजकेच झाले. जाणकार लोक शोधत फिरतात. तुमच्याकडे तो नुसता सडत होता.” तुमच्याकडे! ज्या घरात तू रांगलास त्या घराला तू ‘तुमच्याकडे’ म्हणालास. आणि मी म्हटलं, आईला काय सांगू, तर म्हणालास, “अगं, तिला दिसतं कुठे?”

मी फोन ठेवला. पुढचं बोलायचं होतं ते राहूनच गेलं.

टीपॉयबद्दल मला काय माहीत आहे ते ऐक. बाबांच्या कारखान्यातला इटालियन इंजिनिअर परत जायला निघाला, तेव्हा त्याने तो आपल्या ड्राफ्ट्समनला, म्हणजे बाबांना, देऊन टाकला. बाबांनी हातगाडीवरून आणला आणि स्वतः गाडीच्या मागून चालत आले, काचेवर हात ठेवून. अक्रोडाचे ते बाकदार पाय, टोकांना पितळेच्या टोप्या, जाड हिरवट काच आणि तिच्याभोवती लाकडाची गोलसर कड. आई दारात उभी राहून म्हणाली, “हा पाहुणा कुठे बसवायचा आता?” तेव्हापासून तो पाहुणाच. त्याच्यावर कप ठेवायचा नाही, पाय तर नाहीच नाही. चहा आला की आपण कप मांडीवर घेऊन बसायचो आणि पाहुणा मध्ये रिकामा, ऐटीत. बाबा म्हणायचे, “घरात कामाला न लावलेला एवढा एकच प्राणी.”

तो सडत होता म्हणे! आई त्याला रोज मऊ फडक्याने पुसायची. डोळे गेल्यावरही पुसायची. उलट जास्तच, कारण तेव्हा कुठे पाहुणा कामाला लागला. सोफ्यावरून उठताना ती पुढे वाकून दोन्ही हात त्या कडेवर टेकायची आणि उभी राहायची. मी हात पुढे केला की म्हणायची, “राहू दे, पाहुणा आहे.” एवढी जड वस्तू, तसूभर हलायची नाही.

दरोडेखोराने नेला असता तर मी समजू शकले असते. तू तर साळसूदपणे आलास. “आई, पॉलिश करून आणतो, बाबांची आठवण आहे.” आई इतकी हरखली! मी जुन्या चादरी काढून दिल्या, माणसांना चहा केला. आणि तू काय परत पाठवलंस? नक्कल. हुबेहूब. मीही फसले. माझ्या डोळ्यांना चष्मा आहे, अक्कल नाही. “पॉलिश छान झालंय गं,” असं मीच आईला सांगितलं. ती “हो का?” म्हणाली, नि कडेवरून हात फिरवत बसली.

छोट्या, डोळ्यांत धूळ फेकायला समोरच्याला निदान डोळे तरी असावे लागतात. तू तेवढीही मेहनत घेतली नाहीस.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. आई बरी नाही. रविवारी फोन वाजला. तुझा फोन. रविवारी अकराला तुझाच असतो, म्हणून ती लगबगीने उठली. दोन्ही हात टेकले, भार टाकला, आणि तुझं ते हलकं खेळणं फरशीवरून सरकलं. ती त्याच्याबरोबर गेली. खुब्याचं हाड मोडलं आहे. शुक्रवारी सकाळी ऑपरेशन आहे. या वयात भूल कितपत सोसेल, ते डॉक्टर सांगत नाहीत; नुसते “बघू” म्हणतात.

हॉस्पिटलमध्ये मी तिच्यावर ओरडले. हो, ओरडले. “टीपॉय नेहमीच्याच जागी होता ना? मग चुकलीस कशी?”

ती म्हणाली, “जागा तीच आहे गं. पाहुणा तो नाही.”

तिला पहिल्याच संध्याकाळी कळलं होतं. दात येत होते तेव्हा तू त्या कडेला चावायचास. तुझ्या दातांचे चार बारीक खड्डे होते तिथे, खालच्या अंगाला. ती रेडिओ ऐकताना अंगठ्याने ते चाचपायची. मला इतकी वर्षं वाटायचं, नुसता चाळा आहे. तेच खड्डे नव्हते. “मग बोलली का नाहीस?” तर म्हणाली, “ओशाळला असता. ओशाळला की यायचा बंद होतो तो, लहानपणापासूनचं आहे. आणि तूही त्याला काही बोलायचं नाहीस. शपथ आहे माझी.”

इतके दिवस ती भार न टाकता, सोफ्याचा हात धरून, कशीबशी उठत होती. तुझ्यासाठी. रविवारी तेवढं विसरली. तेही तुझ्यासाठीच.

माझा सगळा राग तुझ्यावर नाही. निम्मा तिच्यावर आहे. तिची औषधं, तिची अंघोळ, तिची चिडचिड माझ्या वाट्याला. आणि तिचा हा असला जीवघेणा समजूतदारपणा तुझ्या! मी भाजीत मीठ जास्त टाकलं तर दोन दिवस ऐकते मी. तू तिच्या हाताखालचा आधार काढून नेलास, तर ती तुझी लाज झाकत बसते. रोजच्या माणसाशी भांडता येतं, पाहुण्याला जपावं लागतं, असं असेल. मग या घरातला खरा पाहुणा कोण, ते तूच ठरव.

शपथ मी मोडली आहे. तुला टीपॉय परत आण म्हणत नाही. आणलास तरी ती आता कधी त्याला धरून उठेल, कोण जाणे. तू ये. शुक्रवारच्या आत ये आणि तिच्याजवळ बसून, स्वतःच्या तोंडाने सांग, “आई, मी नेला.” ऑपरेशनला जाताना तिच्या डोक्यावर तुझं हे नाटक नको. एवढंच हवंय मला.

इथे हॉस्पिटलात तिच्या उशाशी बसून हे लिहीत होते, तेवढ्यात पेनाची करकर ऐकून पलंगावरून तिने विचारलं, “कुणाला लिहितेस?”

“छोट्याला.”

“पडले ते लिहिलं नाहीस ना?”

“नाही.”

“मग माझ्याकडून लिही, टीपॉय फार छान चकाकतोय म्हणावं.”

लिहिलं.

ताई