शून्य आणि रिकामा रकाना

आबा, तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नाही. तुम्ही होता तोवर बदनापूर ते जालना एवढंच काय ते अंतर होतं. सकाळी काळी-पिवळीत कोंबून जायचं, संध्याकाळी तसंच परत यायचं, आणि सांगण्यासारखं काही असलं तर ते जेवताना तुम्हाला सांगून व्हायचं. आता तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. आज शनिवार, मला सुट्टी आहे, आई शेजारणीबरोबर बाजारात गेली आहे, आणि मी कॉम्प्युटर बंद ठेवून वहीत लिहायला बसले आहे. सवय गेल्यामुळे हात भरून येतो. अक्षर तर असं झालंय की तुम्ही बघितलं असतं तर म्हणाला असतात, कोंबडी नाचवली का काय कागदावर.

मी अजून त्याच प्रोग्राम लिहिणाऱ्या कंपनीत आहे. पण 'त्याच' म्हणणं तितकंसं खरं नाही. पंपांच्या दुकानावरच्या त्या दोन खोल्या, तो लोखंडी जिना, कूलरमध्ये पाणी कुणी ओतायचं यावरून उन्हाळाभर चालणारी भांडणं, सगळं गेलं. तुम्ही तिथं एकदाच आला होता. मी डबा विसरले होते आणि तुम्ही तो घेऊन, धुतलेला सदरा-पायजमा घालून, जिना चढून आलात. आमच्या मालकांनी, ज्यांना आम्ही सगळे सर म्हणायचो, उठून तुम्हाला स्वतःची खुर्ची दिली. तुम्ही बसता बसताच त्यांना विचारलंत, "साहेब, हिच्या कामात चुकलं तर कळतं का कुणाला?" मी लाजून मेले. सर मात्र हसले. "कळतं ना आबा. बियाण्याच्या लॅबवाल्याचा फोन येतो, तो चार शिव्या देतो, मंग आम्ही जल्दी दुरुस्त करतो." तुम्ही समाधानानं मान हलवलीत. "मंग बराबर हाय," म्हणालात, "शिव्या द्यायला कुणी हाय तवर काम चांगलं व्हतं." घरी जाऊन आईला सांगितलंत की पोरगी चांगल्या जागी लागली.

आता शिव्या देणारा फोन येत नाही. दोन वर्षांपूर्वी सरांनी कंपनी पुण्याच्या एका मोठ्या कंपनीला विकली. त्या दिवशी त्यांनी पेढे वाटले आणि वाटताना रडले, त्यामुळे त्यांचं अभिनंदन करावं की सांत्वन, आम्हाला कळेना. मग काचेचं दार आलं, दारावर टेकवायचं कार्ड आलं, पाठ दुखू न देणाऱ्या खुर्च्या आल्या. लॅबवाल्यानं तक्रार कॉम्प्युटरवर लिहायची, तिला तिकीट म्हणतात, आणि ते तिकीट फिरत फिरत माझ्याकडं येतं तोवर त्यातला राग निवून गेलेला असतो. माझी मॅनेजर पुण्याला बसते, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान आहे आणि मला नुसत्या नावानं हाक मारते. सुरुवातीला टोचलं, आता काही वाटत नाही. मुलगी हुशार आहे आणि तिरसट नाही, दोन्ही एका माणसात मिळणं कठीण.

आणि प्रोग्राम आता मशीन लिहितं, आबा. काय हवं ते आपण साध्या भाषेत सांगायचं. चहा गाळून होईस्तोवर ते पानंच्या पानं लिहून देतं. मी ते वाचायचं आणि 'चालेल' म्हणायचं. एकोणीस वर्षं काम शिकून माझी नोकरी आता 'चालेल' म्हणण्याची आहे. काम मात्र तुमच्याच कुळातलं. बियाण्याच्या लॅबमध्ये प्रत्येक लॉटमधलं, म्हणजे एका खेपेतलं, थोडं बी चार ट्रेमध्ये उगवायला घालतात, उगवलेलं मोजून आकडे भरतात, आणि आमचा प्रोग्राम सांगतो की हा लॉट विकायला सोडायचा की थांबवायचा. या मे महिन्यात पुण्याहून कळलं की मशीन आल्यामुळं जालन्याच्या चौदा जणांपैकी सहाच ठेवायचे आहेत. यादी तयार होत होती. ऑफिसात कुणी कुणाच्या डोळ्यात बघत नव्हतं, आणि मी तर घरात आईशीसुद्धा वस्सकन बोलत होते.

तुम्हाला ती वही आठवत असेल. मी सहावीत होते. तुम्ही तेव्हा बियाणं कंपनीच्या चाचणीच्या रानात रोजंदारीवर होता. आजोबा मेंढरं घेऊन हिंडले, तुम्ही सातवी शिकलात म्हणून तुमच्या हातात काठीच्या जागी वही आली, हे आई सगळ्या पाहुण्यांना सांगायची. रोज ओळीओळीनं वाकून किती रोपं उगवली ते मोजायचं आणि वहीत लिहायचं. वहीची पानं चिखलानं आणि घामानं भरलेली. एके दिवशी तुम्ही बाहेर गेला होता, आणि तुम्हाला खूश करावं म्हणून मी स्वयंपाकघरात चुलीजवळ बसून ती सगळी पानं नव्या वहीत सुवाच्य उतरवून काढली. पट्टीनं रेघा मारल्या. जिथं रकाने रिकामे होते तिथं ते बरं दिसेना म्हणून शून्यं घातली. आणि जुनी पानं फाडून आईच्या चुलीत सारली. आई भाकरी थापत होती, तिला वाटलं माझ्याच अभ्यासाची रद्दी आहे.

तुम्ही आलात, पाय धुतले, वही उघडलीत. मी बक्षिसाची वाट बघत उभी. तुमचा आवाज चढला नाही, पण बदलला. "काय करून ठिवलं ह्ये? शून्य कुणी टाकले?"

"मीच. रिकामं वाईट दिसत होतं."

"रिकामं दिसायाच पायजे, माय. शून्य म्हंजी मी त्या ओळीवर गेल्तो, वाकून पाह्यलं, आन् एकबी रोप न्हाई उगवलं. रिकामं म्हंजी मी गेलोच न्हाई. त्या दोन दिवशी मला ताप आल्ता. आता वही सांगून राह्यली की मी गेल्तो."

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवून रानातल्या साहेबांकडं घेऊन गेलात. मला वाटलं, माझ्याकडून कबूल करून घेणार. तुम्ही मला दाराशी उभं केलंत आणि स्वतःच बोललात. "साहेब, वहीत खोटं आलंय. पोरीच्या हातनं झालं, पण वही माझ्याजवळ व्हती." त्या वर्षी तुमचं नाव कायम व्हायचं होतं. ते पुढच्या वर्षावर गेलं. तुम्ही हे कधी बोलून दाखवलं नाही, मला ते आईकडून कळलं, तेही कॉलेजात गेल्यावर. तुम्ही केलंत ते एवढंच, की पुढच्या रविवारपासून मला बरोबर न्यायला लागलात. तुम्ही वाकायचात, मोजायचात, आकडा सांगायचात आणि मी मागून लिहायची. दोन वर्षं मी तुमच्या पाठीमागं लिहीत चालले. लोक मला विचारतात, जालन्यातल्या जालन्यात राहून एवढं चांगलं काम कुठं शिकलीस. मी कॉलेजचं नाव सांगते. कॉलेजनं मला डिग्री दिली, आबा. काम तुम्ही शिकवलंत, आणि माझ्या हातात परत वही दिलीत हे तुमचे माझ्यावरचे सगळ्यात मोठे उपकार आहेत.

आता लाज वाटायची गोष्ट ऐका. मी रिकाम्याचं शून्य केलं होतं, मशीननं शून्याचं रिकामं केलं. आकड्यांची सरासरी काढायचा भाग त्यानं नव्यानं लिहिला, आणि ज्या ट्रेमध्ये शून्य आहे तो भरायचाच राहिला असेल असं समजून वगळून टाकला. तीन ट्रे चांगले आणि एकात काहीच उगवलं नाही, असा लॉट थांबवून पुन्हा तपासायचा असतो. प्रोग्राम म्हणाला, सोडा. मी ते वाचलं होतं. म्हणजे डोळे फिरवले होते. इतकं स्वच्छ, नीटनेटकं लिहिलेलं होतं की मी 'चालेल' म्हणून मोकळी झाले. दुसऱ्या कुणाच्या नजरेतून हे सुटलं असतं तर समजण्यासारखं होतं. माझ्या नजरेतून सुटावं?

मंगळवारी दुपारी मी मॅनेजरला सरळ फोन लावला. सात लॉट चुकून सुटले होते. तिला म्हणाले, लिहिलं मशीननं, पण पास मी केलं, ते माझ्या हातात होतं. ती म्हणाली, "ताई, आधी गाड्या थांबवू." ताई म्हणाली, पहिल्यांदाच. लॅबला फोन केले, गोदामाला केले. सहा लॉट जागेवरच सापडले. सातवा सोमवारी संध्याकाळी टेम्पोतून अंबडच्या एका दुकानात गेला होता. तो दुकानदार मोठा सज्जन निघाला, त्यानं गिऱ्हाइकांना फोन करकरून बहुतेक पिशव्या परत मागवल्या. तीन मात्र मिळाल्या नाहीत. "आष्टीकडला माणूस व्हता, ताई," तो म्हणाला, "पेरायची घाई व्हती त्याला. नंबर काय न्हाई माझ्यापाशी." तो लॉट पुन्हा तपासला तेव्हा अर्ध्याहून कमी उगवला.

मला कुणी बोललं नाही. उलट पुढच्या आठवड्याच्या मीटिंगमध्ये मॅनेजरनं सगळ्यांसमोर सांगितलं की चूक अशी सांगायची असते. मशीननं लिहिलेलं पास करण्याआधी आता प्रत्येकानं शून्य आणि रिकामा रकाना वेगळे धरलेत का ते बघायचं, असा नियमच झाला, आणि पुण्यातली पोरं त्याला 'जालना चेक' म्हणतात. सरांच्या कानावर गेलं, त्यांचा फोन आला. म्हणाले, "आबांची पोरगी शोभतेस." फोन ठेवून मी खूप रडले. नव्या लोकांबद्दल मी काय काय बोलले होते, आणि त्यांनी मला किती सांभाळून घेतलं. सहा जणांच्या यादीत मी आहे. आईच्या औषधांची काळजी नाही, रोज करायला आवडीचं काम आहे. कृतज्ञ आहे मी, आबा, तुमची, सरांची, त्या पुण्याच्या मुलीची.

इथपर्यंतचं सगळ्यांना माहीत आहे. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही म्हणून पुढचं लिहिता येतंय. ती चूक मला मंगळवारी पहिल्यांदा कळली असं नाही. सोमवारी सकाळी अकरा वाजता जुने रिपोर्ट चाळताना मला ते दिसलं, आणि पाच मिनिटांत काय झालंय ते पूर्ण समजलं. यादी मंगळवारी बारा वाजता लागणार होती. मी स्क्रीन बंद केली, डबा खाल्ला, दुसरी तिकिटं संपवली आणि पाचला घरी आले. अंबडचा टेम्पो सहाला भरला. मंगळवारी बाराला यादी लागली, त्यात माझं नाव दुसरं होतं, आणि दीड वाजता मी फोन केला. मॅनेजरनं विचारलं, "कधी लक्षात आलं?"

मी म्हणाले, "आत्ताच."