लोण्याचा जादा गोळा

दावणगेरे, १६ फेब्रुवारी

चि. दाक्षायणीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या मोबाइलवरच्या कवड्या-सोंगट्यांच्या चौकाबाऱ्याला पाच-पाच तारे मिळवून द्यायला मला काय पडलं, ते आधी ऐक. दोन डबे लोणी, माझा घसा आणि तुझ्या मामीचा अबोला. अबोला अजून चालू आहे.

हॉटेलात फळा लावलाय: खेळ डाउनलोड करा, पाच तारे द्या, गल्ल्यावर दाखवा आणि डोशावर लोण्याचा जादा गोळा घ्या. काल हरिहरचं अख्खं वऱ्हाड बसल्या जागी तारे देऊन गेलं. नवरदेवानेसुद्धा दिले. उगादीला त्या ॲपच्या दुकानाने तुझा खेळ दर्शनी काचेत मांडला नाही, तर जुन्या कंपनीच्या खुर्चीत परत जावं लागेल, असं तू लिहिलंस. मग मी काय स्वस्थ बसू? आत माणसंच बसली असतील ना? दारात गर्दी दिसली की कोणीही मान वळवून बघतो.

मी मात्र जन्मात कुणाच्या काचेत बसलो नाही. एका तव्यावर सुरुवात केली. पाटी नाही, जाहिरात नाही. नुसत्या चवीवर लोक आले. आयुष्यातला पहिला फळा लावला तो तुझ्यासाठी.

एक तक्रार. खेळात भरलेला तो मामीचा आवाज काढून टाक. प्रत्येक टेबलावरून तुझी मामी ओरडते, मेली गं तुझी सोंगटी, चल घरी! हॉटेलात नळावरचं भांडण लागल्यासारखं वाटतं. एवढंच मी बोललो, आणि तेव्हापासून अबोला.

डब्यात चुरमुऱ्यांची मंडक्की आणि मिरचीभजी आहेत. कंडक्टर मंजप्पाने वाटेत झाकण उघडलं असेल तर कळव.

तुझा, महारुद्रप्पामामा


बंगळूर, २३ फेब्रुवारी

ती. मामांना शि. सा. न. वि. वि.

डबा पोचला. मंजप्पाने झाकण उघडलं होतं.

मामा, पाया पडते, तो फळा आजच्या आज उतरवा. दुकानाकडून ताकीद आली आहे. त्यांच्या कॉम्प्युटरला दिसलं, की ही सगळी मंडळी एकाच जागी बसतात, खेळ घेतात, पाच तारे देतात आणि डोसा संपायच्या आत खेळ पुसून टाकतात. तुमचं वऱ्हाड तर हात धुवायलाही थांबलं नाही. ते सगळे तारे रद्द झाले. पुन्हा असं दिसलं तर काच राहिली बाजूला, खेळ फळीवरूनच काढतील.

त्या काचेत जागा विकत मिळत नाही, मामा. ती मांडणारी चार माणसं आहेत. खेळात नवं काय, कुठल्या सणाला शोभेल, हे त्यांना कित्येक आठवडे आधी लिहून कळवावं लागतं. मी संक्रांतीआधीच कळवलंय. मग ती स्वतः खेळून बघतात. खालच्या फळ्या कॉम्प्युटर लावतो, आणि तो किती आले ते बघतो तसं किती टिकले तेही बघतो. उद्या परत येणारं गिऱ्हाईक कुठलं आणि फुकट लोण्याचं कुठलं, हे तुम्हाला मी काय सांगायचं?

आवाज मात्र राहणार. मामीला पटावरची घरं दिसेनाशी झाली, म्हणून तर तो घातला. माझी भागीदार नागश्री तुमच्याच बाजूने आहे. ती याला कटकट म्हणते. पण त्याच आवाजावर मामी मला रोज हरवते.

आणि हो, तुमच्या हॉटेलातून आलेलं एकच मत शिल्लक राहिलंय. तीन ताऱ्यांचं. खाली मोबाइलला सांगून लिहवलंय, की कवड्या पडल्याचा आवाज उशिरा येतो, तेवढ्यात समोरचा लबाडी करतो. नाव कोट्रम्मा, दावणगेरे.

माया आहेच, फक्त तिचा फळा नको.

आपली, दाक्षी


दावणगेरे, २ मार्च

चि. दाक्षायणीस आशीर्वाद.

फळा उतरवला. गिऱ्हाइकं कुरकुरताहेत. बँकेतला एक जण विचारून गेला, साधा डोसा हवा असेल तर किती तारे लागतील?

घरातच फितुरी झालेली बघून मी तुझ्या मामीला जाब विचारला. त्यानिमित्ताने अबोला सुटला. म्हणाली, चटणी खारट झाली की या हॉटेलात सांगणारी मी एकटीच, मग खेळाचं तेवढं गोड कसं सांगू? आणि लबाडी करणारा समोरचा म्हणजे मी, हेही तिने बँकवाल्याच्या देखत सांगितलं.

पोरी, माझ्या लोण्याने तुझं नुकसान झालं, हे मनाला फार लागलंय. तो कवड्यांचा आवाज तेवढा दुरुस्त करून टाक. उगादीला काहीही होवो, खुर्चीत बसलीस तरी डबा चालूच राहील.

तुझा, मामा


बंगळूर, २८ मार्च

ती. मामांना आणि मामीला शि. सा. न. वि. वि.

उगादीपासून आठवडाभर आपण काचेत!

मामीची तक्रार वाचल्यावर मी कवड्यांचा आवाज नीट केला आणि त्याच मताखाली तिला तसं उत्तर लिहिलं. काच मांडणाऱ्या बाईंनी ते दोन्ही वाचलं. मग डोळे मिटून खेळल्या, मामीच्या शिव्या खाल्ल्या आणि हरल्या. आता खेळाच्या चित्राखाली तेवढंच लिहिणार आहेत: डोळे मिटूनही खेळता येतो. नागश्री कालपासून कटकट हा शब्द उच्चारत नाही. जुन्या कंपनीला कळवलं, माझी खुर्ची दुसऱ्या कुणाला द्या.

आठवड्यानंतर काच जाईल. मग कोण टिकतं ते बघायचं. मामा, तुम्ही नुसत्या चवीवर कसं टिकवलंत, ते एकदा सविस्तर लिहा.

आपली, दाक्षी


दावणगेरे, २ एप्रिल

चि. दाक्षायणीस मामीचे आशीर्वाद.

मला दिसत नाही, म्हणून मी सांगते आणि मामा लिहिताहेत. कवड्या आता वेळेवर पडतात. मामा रोज हरतात. (नेहमी नाही. – म.) उगादीचा कडुनिंब-गुळाचा बेवू-बेल्ला खाल्लास ना? नागश्रीलाही दे, कडूसकट. माझा जीव तुझ्यात आहेच, तुझा थोडा इकडे ठेव.

तुझी, कोट्रम्मामामी

ता. क. मामांची चव एका तव्याच्या वेळीही हीच होती. (हे कशाला? – म.) सांगते तसं लिहा. चित्रदुर्गच्या बसचा थांबा आमच्या दारात आला, त्या वर्षी आम्ही दुसरा तवा घेतला.