नुसती मान डोलावली

१६ जानेवारी, शुक्रवार. परतवाडा

आज बी.ए.च्या वर्गात अमेरिकेच्या यादवी युद्धातली एक निर्णायक लढाई शिकवली. सेनापतीने उघड्या माळावरून हल्ला करायला सांगितलं. हाताखालच्या अधिकाऱ्याला ते पटलं नव्हतं. हुकूम द्यायची वेळ आली तेव्हा त्याच्या तोंडून शब्द फुटेना, त्याने नुसती मान डोलावली. माणसं धडाधड पडली. उरलेली परतली तेव्हा सेनापती स्वतः पुढे गेला आणि चूक माझी आहे म्हणाला.

हे मी काय ऐटीत सांगितलं! तर पाय प्लास्टरमध्ये असलेली ऋतुजा पहिल्या बाकावरून म्हणते, "सर, गजाननभाऊनं बी मानच डोलावली होती ना?"

मी फळा पुसायला वळलो.

खरं आहे. रविवारी सहलीत गाविलगडावर तटाकडून उतरायचा हट्ट माझा. आमचे शिपाई गजाननभाऊ तिथलेच, त्यांना वाटा ठाऊक. मी विचारलं, "इकडून जमेल ना?" त्यांनी खाली पाहत मान डोलावली. ऋतुजा घसरली. आणि प्राचार्यांसमोर मी काय सांगितलं? वाट गजाननभाऊंनी दाखवली. मेमो त्यांना मिळाला. का बोललो असं? भ्यालो, दुसरं काय.

तास संपल्यावर प्राचार्यांना खरं ते लिहून दिलं. मग गजाननभाऊंना गाठलं. म्हटलं, "चूक माझी होती. पण तुम्ही तेव्हाच 'नाही' असं काहून म्हटलं नाही?"

"तुमाले नाई कसं म्हनू, सर?"

"यापुढे म्हणाल?"

त्यांनी मान डोलावली.