आखाजीचा मुराळी

जळगाव,
१२ एप्रिल १९९२

ती. रुपचंदभाऊस,

कमलचा नमस्कार. तुझं कार्ड मिळालं. आईचे गुडघे बरे आहेत हे वाचून बरं वाटलं. इथे ऊन फार तापलंय. बाकी सगळं ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते.

आखाजीच्या सणाला मला न्यायला मुराळी पाठवतोस आणि त्याच दिवशी तुझ्या लेकीचा, कल्पनाचा माझ्या दिराशी, हिलालशी, साखरपुडा उरकतोस म्हणे. विचारलं नाहीस, नुसतं कळवलंस. वर आणखी, "आपली पोर आपलाच घरमा बरी!" हेच म्हणत नानांनी मला सख्ख्या आत्याच्या घरात दिली होती.

माझ्या पमीच्या कोपरांवर, गुडघ्यांवर पिवळ्या गाठी आल्या. आईने चामखीळ समजून त्या घोड्याच्या केसाने बांधल्या. सासूबाई म्हणजे आपली आत्याच, पण त्यांनी माझ्या हाताला दोष दिला, सून तूप फार वाढते म्हणून. तेव्हापासून पोरीच्या ताटात तुपाचा थेंब नाही, आणि गाठी वाढतातच आहेत. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी! गेल्या आखाजीला ती झोक्यावरून उतरून छाती धरून बसली, तेव्हा तूच हसलास. "पोर नाटक करी ऱ्हायनी." ते मी विसरलेली नाही.

मुंबईच्या डॉक्टरांनी चित्र काढून सांगितलं. रक्तातली चरबी आत ओढून घ्यायला शरीरातली एकेक पेशी स्वतःची दारं बनवते. पमीच्या पेशीही बनवतात, पण ती आतल्या आत अडकतात, बाहेरच्या भिंतीपर्यंत पोचतच नाहीत. सुताराने दारं करावीत आणि ती त्याच्याच अंगणात पडून राहावीत, तसं. मग चरबी रक्तातच राहते आणि हृदयाच्या नळ्यांत साचते. निम्मा दोष आईकडून, निम्मा बापाकडून. दोन्ही निम्मे एका लेकरात आले की असं होतं. औषधाचा तिला फारसा उपयोग नाही म्हणाले. किती वर्षं, ते मी विचारलंच नाही.

घरी सांगितलं, तर आत्या म्हणते आमच्यात असलं काही नाही. अरे, पण ती नानांचीच बहीण ना! कुणाला म्हणून सांगायचं? जो तो मला वेड्यात काढतो.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. माझ्या रक्तातही तो दोष निघाला. नाना ऐन चाळिशीत शेतात कोसळले ते उठलेच नाहीत, आपण म्हणालो ऊन लागलं. त्यांच्या पापण्यांवर पिवळे डाग होते, आठवतात? दिवाळीत तू भाऊबीजेच्या पाटावर बसलास तेव्हा ओवाळताना तुझ्या पापण्यांवर मला तेच दिसले. मी त्यांच्याकडेच बघत राहिले आणि तबक कललं, तू म्हणालास नीट धर.

कल्पना आणि हिलाल, दोघांचं रक्त तपासल्याशिवाय साखरपुडा नाही. रागाव, हवं तर बोलणं टाक, मी हटणार नाही.

आणि मुराळी म्हणून दुसऱ्या कुणाला पाठवू नकोस. तूच ये, सकाळच्या पॅसेंजरने. रात्री जेवलास की मग काही खायचं नाही. वहिनीने चहा पुढे केला तरी घ्यायचा नाही. आधी रक्त तपासायला दे, मग मी खापर तापवून पुरणाचे मांडे करते.

माहेरच्या माणसाला उपाशी ये असं आजवर कधी म्हटलं नव्हतं, भाऊ. उपाशी ये.

तुझीच,
कमल