सप्टेंबरचे दोन कंटेनर

३ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार

आमच्या हिशेबखात्याच्या लिमयेसरांची बायपास झाली, कोल्हापूरला. नीट पार पडली. त्यांच्या घरून कुसुमवहिनींचा तसा फोन आला, तेव्हा कुठे चहा घशाखाली उतरला.

दुपारी शौनकसरांनी केबिनमध्ये बोलावलं. मार्चमध्ये त्यांचे वडील, मोठे साहेब, वारले, तेव्हापासून कारखाना हेच बघतात. म्हणाले, सहामाही निकाल यंदा तुम्हीच करायचे. १२ नोव्हेंबरला संचालकांची बैठक आहे. आमची कंपनी लहान, पण शेअर बाजारात नोंदलेली. सहा महिन्यांचा हिशेब चारचौघांत मांडावाच लागतो. आजवर तो लिमयेसरांनी केला. मी फक्त आकडे काढून द्यायची.

हो म्हणून आले.

८ ऑक्टोबर

आकड्यांची भीती नव्हती, होती ती टिपांची. निकालाखाली दीड पान असतं— लेखाधोरणं. विक्री कधी झाली म्हणायची, उरलेल्या आंबारसाच्या डब्यांना काय किंमत लावायची, यंत्रांची झीज कशी धरायची. एकदा ठरलं की वर्षाच्या हिशेबाला जे, तेच मधल्या हिशेबाला. सोयीप्रमाणे बदलता येत नाही.

कपाटात सरांची जुनी फाईल सापडली. माझ्यासाठी केलेली! आठ वर्षांपूर्वी लांज्याजवळच्या गावातून बी.कॉम. होऊन आले, तेव्हा मला नुसत्या नोंदी करता यायच्या. सर जेवणाच्या सुट्टीत कँटीनच्या टेबलावर रसाचे डबे मांडून समजवायचे. "हा डबा नव्वदला पडला, बाजारात ऐंशीला जातो. मग किती लिहायचं?" मी म्हटलं, नव्वद. हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा डबे घेऊन आले.

प्रत्येक धोरण मराठीत, निळ्या शाईत. आज सगळं परत वाचलं. किती दिलं ह्या माणसानं, आणि कधी बोलून दाखवलं नाही.

१६ ऑक्टोबर

अडकले.

दुबईचे दोन कंटेनर २६ सप्टेंबरला कारखान्यातून सुटले. बंदरात गर्दी, म्हणून जहाजावर चढले ५ ऑक्टोबरला. आमचं धोरण स्वच्छ आहे— माल जहाजावर चढला की विक्री. म्हणजे हे दोन्ही ऑक्टोबरचे. ते वगळले तर विक्री गेल्या वर्षीच्या सहामाहीपेक्षा अकरा टक्के कमी दिसते.

शौनकसरांनी आकड्याखाली पेन्सिलीनं रेघ मारली. मग शांतपणे म्हणाले, "माल आपल्या दारातून गेला, विक्री झाली. धोरणातली ती एक ओळ बदला, मॅडम."

ओरडले असते तर बरं झालं असतं.

१७ ऑक्टोबर

त्यांना तरी काय दोष द्यायचा? शीतगृहासाठी कर्ज मागितलंय. बँक हा निकाल बघून ठरवणार. शीतगृह झालं तर आंब्यानंतर फणस, कोकम, भाज्या— कारखाना बारा महिने चालेल. आत्ता आंबा कापणाऱ्या साठ बायकांना तीन महिने काम, मग घरी.

आज त्यांची मुकादम सावित्रीताई फाटकाशी भेटली. मुद्दाम आली होती. म्हणाली, "बाय, दिवाळीनंतर काम गावंल काय गो? पोरीच्या कॉलेजची फी भरायची हाय." मी बघू म्हटलं. तिच्याकडे बघवेना.

एक ओळ बदलायची, बस. कुणाच्या खिशातून काही जाणार नाही. ऑक्टोबरच्या पाच तारखेला ती विक्री खरीच झाली आहे.

असं दिवसभर स्वतःशी बोलत होते.

१९ ऑक्टोबर, रविवार

सर घरी आलेत. भेटून आले. केवढे वाळलेत! गळ्यापर्यंत शाल, आवाज अगदी बारीक. तरी ऑफिसची चौकशी केली. मी सगळं सांगितलं— कंटेनर, बँक, सावित्रीताई. विचारलं, सर, तुम्ही काय केलं असतं?

त्यांनी चष्मा काढून शालीला पुसला. मग म्हणाले, "मला नको विचारू. फाईल वाच, आणि तुला पटेल ते कर."

रागच आला मला. आठ वर्षं बोट धरलं, आणि आज सोडलं? कुसुमवहिनी फाटकापर्यंत आल्या. म्हणाल्या, आज तू आलीस म्हणून दोन घास जास्त जेवले. मग राग कुठच्या तोंडानं धरणार.

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. नवऱ्याला सुट्टी मिळाली; गुरुप्रसाद मुंबईहून आलाय, चार दिवस आहे. घर भरल्यासारखं वाटतं.

२३ ऑक्टोबर

त्याला सांगितलं शेवटी. कंटेनर, धोरण त्याला काही कळलं नाही. एवढंच विचारलं, "सही कुणाची असते?" म्हटलं, मालकांची. पण मसुदा माझा. तो म्हणाला, "मग तुला झोप लागेल असं लिही. नोकरी गेली तर बघू, मी आहे ना."

फ्लॅटचा हप्ता दोघांच्या पगारावर चालतो, हे त्याला माहीत आहे. तरी म्हणाला. लिहून ठेवते, विसरायला नको.

२७ ऑक्टोबर

शौनकसरांशी बोलले आज. कागदावर मुद्दे लिहून नेले होते, बघायची वेळ आली नाही.

सांगितलं— सर, धोरण बदलता येतं. पण मग बदललं असं छापावं लागतं, का बदललं ते सांगावं लागतं, आणि गेल्या वर्षीचे आकडेही नव्या धोरणानं परत मांडावे लागतात. गुपचूप एक ओळ बदलणं ह्याला धोरण म्हणत नाहीत. ते म्हणाले, साठ बायकांचा विचार केलात का? म्हटलं, त्यांचाच करतेय. उद्या हे बाहेर आलं तर बँक आहे ते कर्जही परत मागेल. मग तीन महिन्यांचं कामही जाईल.

शेवटी म्हटलं, "टीप मी लिहीन, पण खरी लिहीन. दुसरी हवी असेल तर दुसऱ्या कुणाला सांगा."

ते उठून बाहेर गेले. मी केबिनमध्ये एकटीच. कुणी जा म्हणेना, बस म्हणेना. पाच मिनिटांनी माझी मीच आले.

२८ ऑक्टोबर

काही बोलावणं नाही. टेबल आवरून ठेवलं. सरांची फाईल पिशवीत घातली— ती माझी आहे.

३० ऑक्टोबर

शौनकसर स्वतः माझ्या टेबलाशी आले. खुर्ची ओढून बसले. दोन दिवस बँकेत जात होते म्हणे. मॅनेजरना सगळं खरं सांगितलं, जहाजाचे कागद दाखवले. मग मला विचारलं, निकालात ह्या दोन कंटेनरबद्दल लिहिता येईल का? विक्रीत न धरता?

येतं की! सप्टेंबरनंतर घडलेली महत्त्वाची गोष्ट म्हणून वेगळी टीप देता येते. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. समोर बसूनच लिहिली. तीन ओळी. दोनदा वाचून म्हणाले, "हे बाबांना सुचलं नसतं." आणि मग, "त्या दिवशी मी तुम्हाला नको त्या पेचात टाकलं."

मालक माणूस असं म्हणाला. घरी येऊन देवापुढे दिवा लावला, साखर ठेवली.

१२ नोव्हेंबर, बुधवार

मंजूर. विक्री अकरा टक्के कमी, लपवाछपवी नाही. ऑडिटरांनी माझी टीप एका शब्दानंही बदलली नाही. संचालकांतल्या एकांनी तोंड वाकडं केलं, पण शौनकसर म्हणाले, आकडा माझा आहे, उत्तर मी देईन.

सरांना फोन केला. म्हणाले, छान. एवढंच. दमले असतील.

२८ नोव्हेंबर

बँकेचं पत्र! मागितलं त्याच्या निम्मंच दिलं. विक्री घटली म्हणून, असं लिहिलंय. पण लहान शीतगृह होईल. ते झालं की तीस बायकांना कायम काम.

सावित्रीताईला सांगितलं तर म्हणाली, "माजा नंबर लागला तरी शेजारनीचा ऱ्हायला गो." खरं आहे. तीस राहिल्या. तरी तिनं उद्या घरचे तांदूळ आणते म्हटलं, आणि नको म्हणायला मला जमलं नाही.

ह्या वर्षानं मला खूप दिलं. गुरुप्रसाद, शौनकसर, ही बाई. आणि सगळ्यांच्या आधी सर. त्या रविवारी त्यांनी उत्तर दिलं असतं तर मी नुसतं ते पाळलं असतं.

७ डिसेंबर, रविवार

सरांनी बोलावून घेतलं. काठी घेऊन अंगणात बसले होते. हातात एक कागद दिला, तीच निळी शाई. गेल्या वर्षीच्या सप्टेंबरच्या विक्रीत तीन कंटेनर असे आहेत, जे ऑक्टोबरमध्ये जहाजावर चढले. मार्चपर्यंत सगळं जागेवर आलं, म्हणून कुणाला कळलं नाही. "मोठ्या साहेबांना मला नाही म्हणता आलं नाही," म्हणाले. "तू त्या दिवशी विचारलंस, तेव्हाही बोलता आलं नाही."

म्हणजे गेल्या वर्षीचाच आकडा फुगलेला होता; यंदा विक्री घटलीच नव्हती.

कागदाखाली त्यांची सही आहे. उद्या आम्ही दोघं शौनकसरांकडे जाणार. मी म्हटलं, रिक्षा घेऊन येते, तुम्ही फाटकाशी उभे राहू नका.