‘आवर’चे दहा यार्ड

रविवार, संध्याकाळ

एका शब्दाची किंमत दहा यार्ड, आणि बहुतेक सईची जागा. अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकच्या इशाऱ्यावर चेंडू निघतो, आणि आमची क्वार्टरबॅक सई. आज दोनदा पोरी इशाऱ्याआधीच पळाल्या. पंचांनी दोनदा पाच-पाच यार्ड मागे ढकललं, सामना गेला. पुढच्या वेळी सईच्या जागी टीममधल्या कळवणच्या पोरीला खेळवून बघू, असं कोच म्हणाले.

गाडीत सई म्हणाली, "पप्पा, आमचा इशारा 'आवर' होता. टीमबाहेर कुणालाच माहीत नव्हता. प्रेक्षकांतून कुणीतरी नेमकं तेच ओरडलं."

मग फोडला कुणी? त्या पोरीचे वडील माझ्या मागेच बसले होते. चहा पाजला, फार गोड बोलले. एवढं गोड कशाला? विंचूरला तीस वर्षं कांद्याचे लिलाव ऐकतोय, पाठमोरा उभा राहून बोली कुणाची ते सांगतो. आवाज मागूनच आला. की बाजूने? नाही, मागूनच.

"पण 'आवर'च का गं ठेवलंत?"

"रोज सकाळी बाथरूमच्या दाराबाहेरून ऐकू येतं ना. त्या शब्दाला पाय आपोआप हलतात."

जेवताना सईच्या आईने मोबाईलवरचं सामन्याचं शूटिंग लावलं. चेंडू काढायला पंचवीस सेकंद मिळतात. दोन्ही वेळा वेळ संपत आलीय, सई अजून उभीच, आणि "आवर गं" म्हणून ओरडतोय तो मी.